लाभ न लिहिलेली वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नांदुऱ्याचा सगळा बाजार देवीकडे एकच गोष्ट मागतो: बरकत. किराणावाला मागतो, कापडवाला मागतो, कृषी केंद्रवाला पाऊस बघून दोनदा मागतो. आमच्या दुकानात मात्र आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, वेगळा नियम घालून दिला होता. पूजा करायची, लाह्या-बत्तासे वाटायचे, पण मागायचं काही नाही. कारण आम्ही मयताचं सामान विकतो. बांबू, कामट्या, कडबा, सुतळी, कोरं कापड, मडकं, गोवऱ्या, गुलाल, बुक्का. या दुकानात उभं राहून ‘गिऱ्हाईक वाढू दे’ म्हणायचं, तर त्याचा अर्थ काय होतो?

मला हा अर्थ शाळेत कळला. डब्यात शिरा नेला की पोरं विचारायची, “तुह्या घरी आज गोड काहून रे? कोन गेलं?” मी रडत आबांकडे गेलो. त्यांनी समजूत काढली नाही. सुतळीचा गुंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “दुकानात बसलं की डोये रस्त्यावर ठेवू नको. हात सुतळीवर ठेव.” पुढे कित्येक वर्षं मला वाटत होतं की त्यांनी विषय टाळला.

आबांचा मूळ धंदा बांबूचा. परतवाड्याकडून माल यायचा. उन्हाळ्यात लग्नांचे मांडव, पावसाळ्याआधी कवेलूच्या घरांची डागडुजी, वर्षभर टोपल्या-सुपांसाठी बुरूडांची मागणी. मधूनच अपरात्री कोणीतरी दार वाजवायचं आणि तिरडीसाठी दोन लांब बांबू मागायचं. पण त्या माणसाला मडक्यासाठी कुंभाराकडे, कापडासाठी तिसरीकडे हिंडावं लागायचं. घरात प्रेत ठेवून हिंडणाऱ्या माणसाचे हाल पाहून आबांनी सगळं एका जागी आणून ठेवलं. आमचा धंदा असा सुरू झाला. ढीग एकच, त्यातला एक बांबू मांडवाला जायचा, दुसरा तिरडीला. वह्या मात्र दोन होत्या. मांडवाची मोठी, लाल कापडात बांधलेली. मयताची बारीक, गल्ल्याच्या खालच्या खणात. दिवाळीत लाल वही पाटावर यायची. बारीक वही कधी खणाबाहेर आली नाही.

त्यांचा दुसरा नियम भावाचा. मयताच्या सामानाला आपल्याकडे कोणी घासाघीस करत नाही, ते अशुभ मानतात. दुकानदाराला याहून मोठा मोह नाही. आबा म्हणायचे, “समोरचा भाव करत नाही ना, मंग त्याच्या बाजूनं आपनच करा लागते.” सामान बांधताना ते ओठ हलवत काहीतरी पुटपुटायचे. लहानपणी मला ते रामनाम वाटे. ते स्वतःशीच भाव करत असायचे.

मरणावर पोट भरणं पाप आहे का, हा प्रश्न जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, अथेन्समध्ये डेमेडीस नावाच्या पुढाऱ्यानं प्रेतसंस्काराचं सामान विकणाऱ्या एका माणसाला दोषी ठरवलं. आरोप असा, की त्यानं मोठा नफा इच्छिला आणि पुष्कळ माणसं मेल्याशिवाय तो नफा होणं शक्य नव्हतं. हा किस्सा रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं सांगितला आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या माँतेन्यनं तोच घेऊन एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, एकट्या त्या दुकानदाराला कशाला धरता? वैद्य आजारावर जगतो, वकील भांडणावर, घर बांधणारा पडक्या घरावर, शेतकरी महागाईवर. मला हे पटतं. आमच्या तालुक्यातला भला शेतकरीसुद्धा गुजरातेत कापूस किती झाला याची चौकशी करतो, आणि कमी झाला ऐकून त्याचा चेहरा खुलतो.

शेजारचे एक बौद्ध गुरुजी मला धीर देत म्हणाले होते, “बुद्धानं उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष. तुमचा त्यात नाही.” महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध तर माझा आवडता. मिथिलेत मांस विकणारा हा माणूस तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. धंदा वाडवडिलांचा, स्वतः तो प्राणी मारत नाही, आईबापांची सेवा करतो. पण त्याच्याकडे येणारा भुकेनं येतो. उद्या चार गिऱ्हाइकं जास्त यावीत असं धर्मव्याधाला वाटलं, तर त्यात कोणा माणसाच्या घरी आक्रोश होत नाही. मला तसं वाटलं तर?

तसं मला वाटलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्याकडे करोनाची दुसरी लाट चढू लागली, तेव्हा मी दुप्पट बांबू मागवला. बायकोला सांगितलं, भाव वाढणार आहेत म्हणून. खरं कारण तिला सांगितलं नाही. रात्री पडल्या पडल्या मी हिशोब केला होता, आणि त्या हिशोबात मुलाच्या कॉलेजची फी बसत होती.

एप्रिलमध्ये माणसं पटापट गेली. दुकानात कोणी आलं नाही. दवाखान्यातून बंद पिशवीतलं प्रेत थेट स्मशानात जायचं. आंघोळ नाही, तिरडी नाही, चार खांदे नाहीत. एरवी आमच्याकडे गाडी पाहून माती ठरते. मुंबई-हावडा मार्गावरचं हे स्टेशन. सुरतेहून मुलगी निघाली असेल तर ती पोचेपर्यंत सगळे थांबतात. पुढे राख सावडून कोणी अस्थी घेऊन चांगदेवला, पूर्णा-तापीच्या संगमावर जातं. त्या महिन्यात कोणाची कोणासाठी थांबण्याची सोय नव्हती. एक ओळखीचा मुलगा फक्त मडकं घेऊन गेला. धरायला माणूस नव्हता, पण बापाला तेवढं तरी द्यावं म्हणाला. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. तो पुण्याचा भाग नव्हता. त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून.

माझा बांबू मागच्या अंगणात उभा राहिला. त्याला कीड लागली. रोज सकाळी ढिगाखाली पिवळसर भुकटी पडलेली असायची आणि मी ती झाडायचो. झाडता झाडता दोन गोष्टी कळल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात जास्त मरणांच्या वर्षी माझं दुकान बसलं. म्हणजे ते मरणावर चालत नव्हतंच. मातीला येणाऱ्या माणसांवर, त्यांच्या हातांना काहीतरी करायचं असतं त्यावर चालत होतं. धंद्याबद्दल डेमेडीस चुकला. माझ्याबद्दल मात्र बरोबर निघाला, कारण मी वाट पाहिली होती. सामान ठेवण्यात पाप नाही, विकण्यातही नाही. ते रस्त्यावर लागलेल्या डोळ्यांत असतं. फळाची आशा सोडून कर्म करावं, हे गीतेवरच्या प्रवचनांत पुष्कळदा ऐकलं होतं. आबांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तेच सुतळीच्या गुंड्यासकट माझ्या हातात दिलं होतं.

आता अडचण वेगळीच आहे. मांडवाला बांबू लागत नाही. लोखंडी पाइप आले, मंडपवाले आले. कवेलूंच्या जागी स्लॅब आले. लाल वहीत नोंद करण्यासारखं काही उरलं नाही. माझे वडील शेवटची काही वर्षं कोरी लाल वहीच पूजत होते. मी ते ढोंग चालवावं की बारीक वही पाटावर आणावी?

मुलानं दुकानावर मोबाइल नंबरची मोठी पाटी लावली: ‘चोवीस तास’. आधी मी चिडलो. तो म्हणाला, “पप्पा, रात्री दोन वाजता खेड्यातला माणूस कुठं शोधेल?” आबांनी सामान एका जागी का आणलं, ते मला आठवलं. दार उघडं ठेवणं वेगळं, दारात डोळे लावून बसणं वेगळं. पाटी राहिली.

गेल्या दिवाळीत मी बारीक वही खणातून काढली, पाटावर ठेवली. हळद-कुंकू वाहिलं. कुंकवात बोट बुडवून डावीकडे ‘शुभ’ लिहिलं आणि थांबलो.

“लाभ राहिला,” मुलगा म्हणाला.

लाभ होतोच. त्याच लाभातून त्याची फी भरली, त्याच लाभातून त्या दिवसाचे बत्तासे आले होते. ते नाकारणं खोटं झालं असतं. पण झालेला लाभ वहीत मांडणं आणि व्हायचा लाभ देवीसमोर लिहिणं, यांत फरक आहे. हे त्याला नीट सांगता आलं नाही. मी बोट पुसलं आणि सुतळीचा गुंडा त्याच्याकडे सरकवला.