साक्षीला चंद्रसूर्य

मध्ययुगीन इंग्लंडच्या कित्येक पेठांत मधोमध दगडी क्रूस असे आणि खरेदी-विक्री त्याच्या साक्षीने चाले. चिचेस्टरचा क्रूस 1501 च्या सुमाराचा, तो अजून उभा आहे. लंडनच्या चीपसाइड पेठेतला 1643 मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने पाडला, कारण प्युरिटनांना तो मूर्तिपूजा वाटला. व्यवहारात देवाला का ओढायचे, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडचा नाणेघाट कोकणातून देशावर नेणारा. तिथला सातवाहन लेख धर्म, इंद्र, चंद्र-सूर्य यांना नमन करून सुरू होतो. शिलाहारांच्या दानशिळांवर वर चंद्रसूर्य आणि खाली गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याच्या आईवर गाढव चढल्याचे कोरलेले शापचित्र.

देवाच्या धाकाने माणूस सचोटीने वागे, हे सोपे उत्तर मला पटत नाही. नाशिकच्या लेण्यांत उषवदात नावाच्या दात्याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी 3000 कार्षापण नाणी गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागीर संघांकडे, ठेवली; 2000 दरमहा एक टक्क्याने, 1000 पाऊण टक्क्याने. हे दान निगमसभेत जाहीर झाले, फलकावर नोंदले गेले. पुण्यकर्म असूनही हिशेब देवावर सोडला नाही. तागडी आणि वहीच्या कक्षेतल्या माणसासाठी नोंद पुरते. जो वहीच फाडू शकतो त्याचे काय? दान मोडण्याची खरी ताकद पुढच्या राजात, त्याच्या अधिकाऱ्यात असते आणि त्याच्यावर दाद मागायला कचेरी नसते. गधेगाळ मुख्यतः त्याच्यासाठी आहे, आणि ती कोरवणारा बहुतेकदा सत्ताधारीच. स्वतःच्या वंशजावर त्याने उघड्यावर दगड रोवला.

शापाला भिऊन कोणी थांबले का, असे कोणी विचारील. पुष्कळ दाने मोडलीच असतील. पण कायदाही मोडतो. मोडणारा गुन्हेगार ठरतो, एवढे तरी त्याने साधते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही: गुन्हा राजाचा, विटंबना त्याच्या आईची. सत्तेला बांधण्यासाठी बाईची अब्रू पणाला लावणारी ही नीती अर्धीच नीती आहे. काही गावांत या शिळांना शेंदूर लावून पुजतात. पूजा चंद्रसूर्यापुरती ठेवावी. खालचे चित्र पुराव्यासाठी जपावे, श्रद्धेसाठी नव्हे.