विचारले म्हणून सांगितलेले

कुणी मागितले म्हणून माणसाने आपले अंतरंग लिहून द्यावे का, आणि असे लिहिलेले खरे मानावे का, हा प्रश्न वरवर पाहता विद्वानांच्या चर्चेतला वाटतो. अलीकडे मात्र तो मुलांच्या दप्तरांतून आपल्या घरांत आला आहे. काही महाविद्यालयांतील लेखनाच्या वर्गांत विद्यार्थ्याला दर आठवड्याला स्वतःविषयी एक-दोन पाने लिहावयास सांगतात. काय वाचले, काय अनुभवले, त्याने मनात काय हालले, हे लिहायचे. अध्यापक ते वाचतात आणि गुण देतात. आमच्या वेळी निबंध असत ते ‘पावसाळ्यातील एक दिवस’ किंवा ‘मी पाहिलेली जत्रा’ अशा विषयांवर. त्यांत ‘मी’ असे, पण तो साऱ्या वर्गाचा मिळून एक ‘मी’ असे. पन्नास वह्यांत एकच पाऊस पडे आणि इंद्रधनुष्यही ठरल्या ओळीला उगवे. त्यात नुकसान होते ते फक्त भाषेचे. नव्या वर्गाला तो पाऊस नको आहे. त्याला मुलाचे स्वतःचे मन हवे आहे, आणि म्हणून येथे नुकसान झालेच तर ते अधिक खोलवर होणार आहे.

पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. मनातले आपोआप बाहेर येते तेच खरे. आज्ञेने काढलेले ते बनावट. हा आक्षेप मला पटत नाही, कारण मराठीत त्याचे उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. तुकाराम महाराजांचा एक अभंग त्यांचे आत्मचरित्रच आहे. जात, व्यवसाय, आईबापांचा वियोग, दिवाळे, दुष्काळ आणि त्या दुष्काळात ‘अन्न अन्न’ करीत गेलेली पत्नी, हे सारे त्यांनी तेथे सांगितले आहे. सांगण्याच्या आरंभी ते म्हणतात की हे बोलू नये. पण तुम्ही संतांनी प्रश्न केला म्हणून तुमच्या शब्दाचा मान राखतो. म्हणजे मराठीतील अत्यंत प्रामाणिक आत्मकथनांपैकी एक हे मागणीवरून झालेले आहे. विचारणारे नसते तर तुकारामांनी देवाशी भांडण केलेच असते. स्वतःच्या संसाराचा असा सलग हिशेब त्यांनी मांडला असता की नाही, याची मला शंका आहे.

त्या दुष्काळाचा आपल्या गावाशीही संबंध आहे. 1630 ते 1632 या वर्षांत गुजरात आणि दख्खन होरपळत होते, आणि त्याच सुमारास शहाजहानचा मुक्काम दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात होता; 1631 च्या जूनमध्ये मुमताजमहल येथेच वारली. 1630 मध्ये पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी नोकर सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्यास निघाला. त्याने वाटेवरच्या उपासमारीची आणि प्रेतांची नोंद आपल्या प्रवासवृत्तात करून ठेवली आहे. त्या काळाच्या इतिहासाला ती नोंद मोलाची आहे, आणि तिचा खरेपणा कुणी नाकारलेला नाही. तरीही ती तुकारामांच्या अभंगाशेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. मंडीच्या लेखनात पाहणाऱ्याची नजर आहे. पाहणाऱ्याचे घर नाही. तुकारामांच्या अभंगात घर आहे, आणि घरातली लाज आहे. रस्त्यावरचे प्रेत मोजणाऱ्याला धैर्य लागत नाही असे मी म्हणणार नाही. पण आपल्या घरातली भूक चारचौघांत सांगायला वेगळे धैर्य लागते. ते धैर्य तुकारामांना बळ देणाऱ्या श्रोत्यांपुढे झाले. विचारणाऱ्यांना तुकारामांना गुण द्यावयाचे नव्हते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

विद्यार्थ्याने शाळेत शिकत असताना लिहिलेल्या अशा लेखनाचा मराठीतला मोठा दाखला म्हणजे मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही मातंग समाजातील मुलगी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात दोन भागांत छापला गेला. तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपासची होती आणि शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकली होती. वेद जर ब्राह्मणांचीच मिरास असतील तर आम्ही धर्माविना आहोत, मग आमचा धर्म कोणता तो सांग, असा थेट प्रश्न तिने देवाला घातला. पेशवाईच्या काळी आपल्या लोकांवर झालेल्या छळाची वर्णने तिने दिली, आणि बाळंतीण होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या बायकांचे हालही सांगितले. पेशव्यांच्या काळात या मुलुखात आलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना त्यातली काही वाक्ये आजही नीट गिळता येत नाहीत, येऊही नयेत. बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले ते उदगीरच्या लढाईनंतर, 1760 मध्ये. त्या राज्याची जी गोष्ट आपण घरात आजोबांकडून ऐकतो तिच्यात मुक्ताचा समाज बहुधा नसतो.

मला येथे विचारायचे आहे ते असे. एका शाळकरी मुलीला हे लिहिण्याची मोकळीक कशामुळे मिळाली? निबंध लिहावा ही शाळेचीच रीत, विचारणारे शिक्षकच. पण त्या शिक्षकांनी शाळा चालविण्यापायी 1849 मध्ये वडिलांचे घर सोडले होते. सावित्रीबाई शाळेच्या वाटेवर शेणाचे गोळे आणि शिव्या सोसत होत्या, ही आठवण आज सर्वश्रुत आहे. ज्याने सत्यासाठी काही गमावले आहे त्याच्यापुढे सत्य सांगताना मूल भीत नाही. मुक्ताने गुरुजींना आवडेल ते लिहिले असेल, असाही तर्क कुणी करील. करो बापडा. गुरुजींना आवडणारे आणि खरे हे दोन्ही एकच निघावे, असे शिक्षक आयुष्यात क्वचित भेटतात, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याच तापीच्या खोऱ्यात, अमळनेरला, असे आणखी एक शिक्षक होऊन गेले. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिकवीत आणि छात्रालय सांभाळीत. छात्रालयातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित काढत आणि स्वतःच्या हाताने लिहीत. त्यातला उपदेश आज कुणाला जास्त गोड वाटेल. मलाही गुरुजींचे अश्रू कधीकधी फार वाटतात. पण त्यांनी केलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलांचे मन मागण्याआधी त्यांनी आपले मन रोज त्यांच्यापुढे ठेवले. पुढे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यात चुका करणारा, मार खाणारा, आईपुढे खजील होणारा मुलगा आहे. असे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला ‘तू तुझ्याविषयी लिही’ असे विद्यार्थ्याला सांगण्याचा अधिकार होता.

आता आपल्या ओळखीतल्या एका मुलीविषयी. ती बुऱ्हाणपूरच्या एका जुन्या मराठी घरातली, शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात राहणारी. तिने आपल्या लेखनाच्या वर्गाची वही मला वाचावयास दिली आणि तिच्याविषयी लिहिण्यास संमतीही दिली. नाव मात्र नको म्हणाली. वहीतली पहिली सहा-सात पाने एकाच घाटाची होती. प्रसंग कोणताही असो, परीक्षेत कमी गुण, आजोबांचे निधन, खोलीवरच्या मैत्रिणीशी अबोला, शेवटचा परिच्छेद ‘यातून मी शिकले की’ या शब्दांनी सुरू होई. मी विचारले, तेव्हा तिने सांगितले की गुणांचा तक्ता आधीच दिलेला असतो, आणि त्यात ‘अनुभवातून काय शिकलात’ याला वीसपैकी आठ गुण असतात. आजोबा गेले त्यातून काय शिकलात? ती म्हणाली, ‘काका, मी काहीच शिकले नव्हते. मला नुसते वाईट वाटले होते. पण तेवढ्याने आठ गुण भरत नाहीत.’ मग तिने ‘वेळेचे महत्त्व’ असे लिहिले. माझ्या मते त्या वहीतले हे सर्वांत दुःखद पान आहे, आजोबांच्या निधनापेक्षाही. दुःखाला धडा जोडला की दुःख सुटसुटीत होते, वह्या तपासणे सोपे होते. पण मुलगी आपल्याच शोकाविषयी एक खोटे वाक्य लिहून आली, आणि त्याला उत्तम शेरा मिळाला.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. एका आठवड्याचा विषय होता ‘कुटुंबावरील संकट’. त्या वर्षी तिच्या वडिलांचा यंत्रमागाचा व्यवसाय बसला होता, आणि घरात कर्जाची कुजबुज होती. आपल्याकडे घरची गोष्ट घरातच राहते. तिने ती सांगायची तर वडिलांची अब्रू जाते, आणि न सांगावी तर पान कोरे राहते. तिने एका काल्पनिक आत्याचे आजारपण लिहिले. ते पान अध्यापकांना मनापासूनचे वाटले. काही वाचक म्हणतील, मुलगी खोटे बोलली. मला तसे वाटत नाही. वडिलांचे दुःख हे तिचे एकटीचे नव्हते; ते परक्याच्या टेबलावर ठेवण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि मागण्याचा अधिकार वर्गाला नव्हता. दुष्काळाविषयी बोलताना तुकारामांनी सर्व काही सांगितले असे आपण समजतो, पण किती सांगायचे ते त्यांनीच ठरवले होते. ‘याविषयी मी लिहिणार नाही’ एवढे एक वाक्य पूर्ण गुणांना पात्र धरले असते, तर आत्याला आजारी पडावे लागले नसते.

आणि भाषा. वर्ग इंग्रजीतून, वसतिगृहात हिंदी, मनात मात्र आजीची मराठी, तीही आपल्या इकडची, हिंदीत बुडवून काढलेली. सुट्टी संपवून परत जाताना तिला हुरहूर लागे. या शब्दासाठी तिने अर्धा तास घालवला आणि शेवटी ‘सॅडनेस’ लिहिले. वाक्य शुद्ध, भावना चुकलेली. रोमन सम्राट मार्कस ऑरेलिअसने केवळ स्वतःसाठी लिहिलेली टिपणे लॅटिनमध्ये नसून ग्रीकमध्ये आहेत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा परक्या भाषेत आत्मचिंतन होतच नाही असे मी म्हणणार नाही. पण ती भाषा त्याने निवडली होती, तिने वीस गुणांसाठी पत्करली आहे. उलट याच खोऱ्यातल्या, आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या, आणि जात्यावर, शेतात, घरच्या बोलीत संसाराचे सारे चिंतन करून मोकळ्या झाल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ते टिपले नसते तर 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, पुस्तक निघाले नसते. तेथे कुणी मागितले नव्हते. ऐकणारे मात्र घरातले होते, आणि शब्द त्यांना समजत होते.

येथे थोडे आपल्याकडेही वळले पाहिजे. आपल्या मंडळींना नातवंडांचे मराठी बिघडले याची खंत असते, आणि त्यांनी मराठीत लिहावे अशी इच्छाही. दिवाळीला मूल घरी आले की आपण त्याला ‘मराठीत चार ओळी लिहून दाखव’ म्हणतो आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. आपणही त्याचे मन मागतो आणि शुद्धलेखनाचे गुण देतो. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आयुष्यातले एखादे अडचणीचे पान, वाटण्यांच्या वेळचे, मोडलेल्या सोयरिकीचे, विकलेल्या वाड्याचे, मुलांना वाचायला दिले आहे? आपल्या घरांतून दस्तऐवज जपले जातात, वंशावळी जपल्या जातात. मनोगते फारशी आढळत नाहीत.

त्या मुलीला मी वही परत केली तेव्हा तिने सहज सांगितले की आता ती दोन वह्या ठेवते. एक वर्गाची, ‘यातून मी शिकले’वाली. दुसरी मराठीत, अशुद्ध, तारखा नसलेली; तिच्यात ‘हुरहूर’ आहे, वडिलांचे माग आहेत, आणि आजोबा गेल्यानंतरच्या रात्री ओसरीवर कोण कोण बसले होते त्यांची नुसती नावे आहेत. दुसरी वही तिने आणली नव्हती. आजीला मात्र त्यातले एक पान वाचून दाखवले म्हणाली, आणि आजीने त्यात दोन नावे राहिली असे सांगून ती लिहायला लावली.