धुराचा श्लोक (गीता १८.४८)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला ४८वा. भगवंत अर्जुनाला सांगतात, तुझ्या स्वभावाने तुझ्याकडे आलेलं कर्म सदोष वाटलं तरी टाकू नकोस. आगीभोवती धूर असतो तसा प्रत्येक कामाभोवती काही ना काही दोष असतोच.

हा श्लोक मी एकदा भलत्या ठिकाणी वापरलाय. तेच आज सांगतो.

आमची आजी कराडजवळ गावी राहते. घरात सिलेंडर आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. गेल्या दिवाळीत ती फुंकणीने फुंकत होती, मध्येच खोकत होती, पदराने डोळे पुसत होती. मी उंबऱ्यावर बसून मोबाईलवर गीता वाचतोय. म्हणालो, "आजी, बघ, गीतेतच आहे. आग म्हटली की धूर असायचाच."

ती म्हणाली, "आरं, मग देवाला म्हण, ये की जरा फुकाय."

तेव्हा हसलो. पण पुण्याला परतताना एसटीत ते वाक्य काही सोडेना. धूर तिच्या डोळ्यांत, आणि समाधान माझं!

घरी आल्यावर तिसरा अध्याय काढला. तिथे ३८व्या श्लोकात हीच उपमा आहे: धुराने आग झाकते, धुळीने आरसा, तसं कामनेने ज्ञान. आणि अध्याय संपतो तो या शत्रूला मारून टाक, असं सांगून. म्हणजे अठराव्यात सांगतात, धूर आहे म्हणून आग टाकू नकोस. तिसऱ्यात सांगतात, झाकणारं जे आहे ते ठेवू नकोस. धूर गोड मानून घे, असं दोन्हीकडे कुठेच नाही. ते मी माझ्या पदरचं घातलं होतं.

धूर म्हणजे असतो तरी काय? लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात. पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर त्यांची ज्वाळा होते, नाही मिळाली तर धूर. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच की! सेवेला गेल्यावर माझी जी चिडचिड होते (ओळखीचे लोक हसतील), तीही बहुतेक अर्धवट पेटलेली सेवाच असावी.

हवेची ही गोष्ट नवी नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर आधारलेली, छोट्या पंख्याची 'ऊर्जा' शेगडी २००६ च्या सुमारास बाजारात आली. शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर ती चालायची. लाखो घरांत गेली. पुढे गोळ्या महागल्या आणि बऱ्याच घरांत ती बंद पडली. आजीला मात्र लाकडंच जाळायची होती. म्हणून सांगलीला मावशीकडे गेलो तेव्हा तिथून एक १२ व्होल्टचा छोटा ब्लोअर आणला, त्याला रेग्युलेटर लावला आणि लोखंडी पाइप चुलीच्या तोंडातून निखाऱ्यांखाली सोडला.

पहिल्या दिवशी मी उत्साहात फुल्ल सोडला. राख उडून थेट परातीत! जाळ तव्याच्या बाहेर, लाकडं भराभरा संपली आणि भाकरी मधे कच्ची. आजीने काही न बोलता हात पुढे केला आणि बटण मागे फिरवत फिरवत एका जागी थांबवलं. जाळ तव्याखाली आला, धूर बराचसा गेला. सहाव्या अध्यायात भगवंत युक्त आहार, युक्त विहार म्हणतात. त्यातला 'युक्त' मला त्या बटणावर दिसला.

ओलं लाकूड घातलं तर अजूनही धूर होतो. धूर दिसला नाही तरी विषारी वायू असू शकतो, म्हणून खिडकी उघडीच ठेवायला सांगितलंय. लाइट गेली की फुंकणी आहेच.

परवा फोन केला. खोकला विचारला, तर म्हणाली, "कमी हाय. पण तुझा पंखा लई किरकिरतोय, तेल घालाय कधी येणार?"

शनिवारी जातोय. उद्या ४९वा श्लोक बघू.

राम कृष्ण हरी.