टूलकिट आणि कमंडलू

रॉबर्ट पिर्सिग १९६८ साली मुलगा ख्रिसला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे निघाले. होंडा सुपरहॉकवरच्या त्या प्रवासातून १९७४ चं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ जन्मलं. त्यात सामानाची चक्क यादी आहे: पाना, हातोडा, छिन्नी, पंक्चरचं सामान, फीलर गेज, जादा प्लग, क्लचची केबल, फ्यूज, तार. शिवाय थोरोचं ‘वॉल्डन’!

गरज कुठे संपते आणि संग्रह कुठे सुरू होतो?

जैन परंपरेने हा प्रश्न फार कसोशीने हाताळला. दिगंबर मुनी अंगावर सूतही ठेवत नाहीत, तरी त्यांच्याजवळ तीन वस्तू असतात. जीवजंतू हळुवार बाजूला सारायला मोरपिसांची पिंछी, शुद्धीच्या पाण्याला कमंडलू आणि शास्त्रग्रंथ. या वस्तूंसाठीचा शब्दही गमतीचा, उपकरण! जैन आचार्य उमास्वातींच्या मते परिग्रह म्हणजे मूर्च्छा, वस्तूवरची आसक्ती. तेव्हा मोजायचं ते सामान नव्हे, त्यात गुंतलेलं मन.

मग जादा केबल म्हणजे आसक्ती? तसं वाटत नाही. आडरानात ती तुटली, तर दोन रुपयांच्या वस्तूइतका तिचा भाव राहत नाही. भीतीपोटी भरलेली तिसरी पाना-पेटी मात्र संशयास्पदच.

गुंतलेलं मन पिर्सिगच्या पुस्तकातही भेटतं. त्यांच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल झालं होतं. पिर्सिगनी बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून बसवू म्हटलं. पट्टी अगदी योग्य बसली असती. मित्राला मात्र तो आपल्या महागड्या गाडीचा अपमान वाटला.