विकतचा हुकूम

वाई-सातारा-सांगली पट्ट्यातल्या शाळांबाहेरच्या दुकानांत चॉकलेटच्या बरण्यांशेजारी पोकेमॉनच्या पत्त्यांची पाकिटं टांगलेली दिसतात. पाकीट बंद असतं. आत काय निघेल ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. मधल्या सुट्टीत पत्त्यांची अदलाबदल होते, डाव मांडले जातात आणि ज्याला घरून पाकिटांसाठी जास्त पैसे मिळतात, त्याच्याशी खेळायला बाकीची मुलं कचरतात. ‘त्याच्याकडे भारी पत्ते आहेत, त्याच्याशी काय खेळायचं?’ मुलांच्या या तक्रारीत एक गंभीर प्रश्न आहे. खेळात पैसा कौशल्याला हरवतो का?

मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळात हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. पत्त्यांचा कॅट कोणी का आणलेला असेना, पिसला की तो चौघांचा होतो. नवाकोरा कॅट आणला म्हणून चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, आपल्याच हातात येत नाहीत. गंजिफेतही तेच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते असतात. जुन्या काळी गंजिफेचे हस्तिदंतावर रंगवलेले उंची संच दरबारासाठी बनत, तर साध्या मालाचे स्वस्त संच सामान्यांसाठी. पहिल्यांना दरबार कलम म्हणत, दुसऱ्यांना बाजार कलम. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पण खेळ एकच. श्रीमंताचा पैसा पत्त्याच्या देखणेपणात जिरत असे, डावात त्याला शिरकाव नव्हता.

तो शिरकाव १९९३ साली अमेरिकेत झाला. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ रचला. त्यात प्रत्येक खेळाडू आपापला कॅट घरून बांधून आणतो. पत्ते बंद पाकिटांतून विकत घ्यायचे. काही सर्रास मिळणारे, काही दुर्मीळ. कल्पना विलक्षण होती, कारण शेकडो पत्त्यांतून नेमके पत्ते निवडून कॅट जुळवणं हीच बुद्धीची कसोटी ठरली. पण पहिला पत्ता पडण्याआधीच एकाची बाजू भक्कम आणि दुसऱ्याची दुबळी असू शकते, हेही त्या रचनेने मान्य केलं. पोकेमॉनचे पत्ते १९९६ साली जपानमध्ये आले, ते याच वाटेने.

मग पैसा जिंकतो का? काही अंतरापर्यंत, नक्कीच. पाच पाकिटांतून जुळवलेला कॅट आणि पन्नास पाकिटांतून निवडून बांधलेला कॅट यांत सामना बरोबरीचा होत नाही. मात्र घरून बांधलेल्या कॅटच्या ‘मॅजिक’ स्पर्धांत एका कॅटमध्ये एकाच पत्त्याच्या चारपेक्षा जास्त प्रती चालत नाहीत, अपवाद मूळ जमिनीच्या पत्त्यांचा. त्यामुळे हवे ते पत्ते जमले, की पुढच्या पैशाला काही काम उरत नाही. वरच्या पातळीवर सगळ्यांकडेच उत्तम पत्ते असतात. तिथे कोणता पत्ता राखायचा, कधी टाकायचा, समोरच्याच्या हातात काय असेल, याचाच कस लागतो. म्हणूनच मुरलेले खेळाडू सांगतात, की शेवटी कौशल्यच जिंकतं. ते खरंच आहे, पण ते उंबरठा ओलांडून आत आलेल्यांपुरतं. बाहेर राहिलेल्याचं कौशल्य कोणी पाहिलेलंच नसतं.

मोबाइलवरच्या खेळांत हे आणखी उघड दिसतं. २०१६ साली आलेल्या ‘क्लॅश रॉयाल’मध्ये पत्त्याची पातळी वाढवता येते आणि पैसे मोजले की ती लवकर वाढते. पण मोठ्या स्पर्धेत खरा कस पाहायचा असतो, तेव्हा कंपनी स्वतःच सगळ्यांच्या पत्त्यांची पातळी सारखी करते. विकलेल्या ताकदीने खेळाचा निवाडा होत नाही, याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

तरीही ‘खेळात पैसा नकोच’ असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पैसा नेमका कुठे लागतो, ते कृष्णाकाठाने चांगलं पाहिलं आहे. वाईहून कृष्णा कराडकडे जाते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. त्या पैशाने खाशाबांना मॅटपर्यंत पोचवलं. मॅटवरचा एकही डाव त्या पैशाने मारला नाही. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक खाशाबांनी स्वतःच्या ताकदीवर आणि चपळाईवर आणलं.

हीच नदी पुढे सांगलीला जाते. तिथे भाऊसाहेब पडसळगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने मुलांसाठी पट मांडून ठेवला. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच सांगलीच्या. पुस्तकं, प्रवास, प्रशिक्षण यांना बुद्धिबळातही खर्च येतोच आणि गरिबाला तो जड जातो. पण कितीही श्रीमंत खेळाडू दुसरा वजीर विकत आणून पटावर ठेवू शकत नाही.

म्हणून खेळाची पारख करताना मी एकच गोष्ट पाहतो : पैसा कुठून आत येतो? दारात खर्च होणारा पैसा माणसाला खेळापर्यंत नेतो, आणि तो समाजाने वाटून घ्यावा असा आहे. डावात खर्च होणारा पैसा समोरच्याची मेहनत खोटी ठरवतो. आपल्या कायद्याने हा भेद फारसा विचारात घेतलेला नाही. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यापासून न्यायालयं कौशल्य आणि नशीब यांचीच तुलना करत आली. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तोही याच कसोटीवर. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. पण विकत घेतलेली ताकद ना कौशल्यात बसते, ना नशिबात. बेल्जियमने २०१८ साली व्हिडिओ गेममधल्या, पैसे मोजून उघडायच्या बंद पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे मुलांच्या पाकिटांबद्दल फारशी चर्चाही होताना दिसत नाही.

उपाय मात्र खेळाडूंनीच शोधून ठेवले आहेत. ‘ड्राफ्ट’ पद्धतीत प्रत्येकाने पाकीट उघडून एक पत्ता ठेवायचा, उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे. अशा फिरत्या पत्त्यांतून सगळ्यांनी तिथेच कॅट बांधायचा. ‘पॉपर’ प्रकारात फक्त सर्रास मिळणारे पत्ते चालतात. शाळेने किंवा वाचनालयाने पत्त्यांचा एक सामाईक साठा ठेवला, तर वाईतल्या कोणत्याही मुलाला खिशात हात न घालता कॅट बांधण्यातली सगळी बुद्धी पणाला लावता येईल. मुलांना पत्ते फेकून द्यायला सांगू नका; त्या खेळात गणित आहे, स्मरण आहे, हरणं पचवण्याचं शिक्षण आहे. एवढंच करा, की हरलेल्या मुलाला ‘मी कुठे चुकलो?’ असं विचारता यावं. ‘माझ्याकडे पैसे नव्हते’ हे उत्तर ज्या खेळात पुरेसं ठरतं, तो खेळ मुलाला काहीच शिकवत नाही.