भरतीची वेळ

बोईसरच्या कारखान्यांतल्या मुलांना मी संध्याकाळी पाचला इंग्रजी शिकवतो. पहिली पाळी तीनला सुटते, म्हणून ही वेळ. एकदा फळ्यावर ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नन’ लिहून मी पाठ असलेला अर्थ सांगितला: वेळ आणि भरती कुणासाठी थांबत नाहीत. सातपाटीचा एक मुलगा म्हणाला, “पण सर, भरतीसाठी आम्हीच थांबतो.” त्यांच्या खाडीत गाळ साचलाय. पुरतं पाणी चढल्याशिवाय बोट आत येत नाही. किती थांबायचं, याचा हिशेब घरात सगळ्यांना येतो. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार.

घरी जाऊन कोश उघडला. ‘टाइड’ या शब्दाचा मूळ अर्थच काळ, समय. नाताळच्या दिवसांना ‘यूलटाइड’ म्हणतात, त्यात तो अजून टिकून आहे. समुद्राचा अर्थ मागाहून आला. म्हणजे म्हणीत एकच गोष्ट दोनदा म्हटली आहे, आपल्या ‘वेळकाळ’सारखी. आणि आपली ‘वेळ’ जिच्यातून आली, त्या संस्कृत ‘वेला’चे अर्थ पाहा: किनारा, भरती, समय. इतक्या लांबच्या दोन भाषांनी समुद्र आणि काळ एकाच शब्दात ठेवले, याचा आनंद मला कितीतरी दिवस पुरला.

‘इलेव्हन्थ अवर’ म्हटलं की मुलांना रात्रीचे 11 आठवतात, कारण तेव्हा रातपाळी लागते. शब्द आहे बायबलातल्या, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीतला. तिथे तास सूर्योदयापासून मोजलेले. अकरावा तास म्हणजे दिवस मावळायला तासभर उरलेला. तेव्हाही बाजारात काही मजूर उभेच असतात, कुणी कामाला लावलेलं नसतं. मळ्याचा मालक त्यांना नेतो आणि पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. कोशात अर्थ दिलाय, ‘अगदी शेवटच्या क्षणी’. मी गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग गप्प झाला. नाक्यावर उभं राहून दुपारी डबा न उघडता परतलेली माणसं त्यांच्या घरात आहेत.

पंचमीला सातपाटीच्या मुलाची जागा रिकामी असते. बोट लागून मासळी उतरेपर्यंत वर्ग सुटतो. हजेरीत त्याच्या नावापुढे मी तिथी लिहितो.