न बसणारा टायर आणि गीतेतील पाच कारणे

मन लावून केलेले काम फसले, की त्याचे कारण कर्त्यात शोधावे की दैवात, हा भारतीय विचारातला जुना वाद आहे. एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषकारावाचून, म्हणजे माणसाच्या प्रयत्नावाचून, दैव फळत नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. योगवासिष्ठाने दैव जवळजवळ मोडीतच काढले. पूर्वी केलेला पुरुषार्थच आज दैव म्हणून समोर येतो, असे त्याचे म्हणणे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कर्माची कारणे पाच मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भाष्यकारांनी यातील अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करणे म्हणजे इंद्रिये असा अर्थ केला. पण शरीर, वाणी वा मनाने जे जे कर्म होते त्या सर्वाला ही पाच कारणे लागू आहेत, असे गीताच म्हणते. तेव्हा यादी थोडी सैल धरून गॅरेजमध्ये नेण्यास हरकत नसावी.

खडकाळ वाटांवर चालवायच्या गाड्यांचे रुंद, जाड भिंतीचे ट्यूबलेस टायर रिमवर बसवणे हे कष्टाचे काम. टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारांचे कडे असते. हवेच्या दाबाने ती कड रिमच्या उंचवट्यावरून सरकून आपल्या जागी बसली, तरच हवा टिकते. एकावर एक रचून ठेवलेल्या टायरच्या कडा आत दबलेल्या असतात. मग कड आणि रिम यांत फट राहते आणि लहान कॉम्प्रेसर जेवढी हवा भरतो त्याहून अधिक तिथून निसटते. हा दोष अधिष्ठानाचा, म्हणजे ज्यावर काम चालते त्या वस्तूचा. त्यावरचा इलाज करण (साधने) आणि चेष्टा (क्रिया) यांत आहे: टायर उन्हात ठेवून मऊ करणे, कडेला साबणाचे पाणी लावणे, टायरभोवती पट्टा आवळून कडा बाहेर ढकलणे, व्हॉल्व्हची आतली सुई काढून टाकीतली हवा एकदम सोडणे. बहुतेक अडलेले टायर एवढ्याने बसतात. ज्याला नशीब म्हटले जात होते ती केवळ फट होती.

कड तीन बाजूंनी बसते आणि एके ठिकाणी अडते, तेव्हा खरी परीक्षा असते, आणि ती कर्त्याची. हलक्या वाहनांच्या टायरची कड बसवताना साधारण 40 पीएसआयची मर्यादा पाळतात. ती गाठल्यावर हवा सोडून, पुन्हा साबण लावून नव्याने सुरुवात करायची असते. पण आणखी थोडी हवा भरली तर बसेल, हा मोह मोठा. गीता इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. पाच कारणे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही, असे त्याच अठराव्या अध्यायातला सोळावा श्लोक सांगतो. टायर बसला की ‘मी बसवला’ आणि फसला की ‘दैव आडवे आले’, ही दोन्ही वाक्ये त्या एकाच आंधळेपणातून येतात.

मग दैवाला उरते काय? शंकराचार्यांच्या मते दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता. रामानुजाचार्यांच्या मते अंतर्यामी परमात्मा. दोघांच्याही लेखी ते कर्माच्या आतले कारण आहे, बाहेरून घाला घालणारा शत्रू नव्हे. यादीतले त्याचे पाचवे स्थान इतर चार तपासून झाल्यावरचे मानावे, हे भाष्यकारांचे मत नसले तरी व्यवहारात तेच शहाणपणाचे ठरते. अमेरिकेत एकेकाळी 16.5 इंची रिम प्रचारात होत्या. त्यांवर 16 इंची टायर चढतो, पण कधीच नीट बसत नाही. दाब वाढवत राहिल्यास कडेची तार तुटून टायर फुटतो आणि समोरचा माणूस दगावू शकतो. अशा स्फोटाला दैव म्हणता येत नाही. टायर आणि रिम या दोहोंवर त्यांचे माप छापलेले असते. हवा भरण्याआधी ते वाचावे.